दर जास्त, पण मोजमाप?

सोलापूरच्या मालमत्ता करावरच्या लेखात म्हटलंय की मोठ्या दुकानांना बिगरनिवासी दर लागतो, म्हणून घरमालकांनी कुरकुर करू नये. दर जास्त असतो, मान्य. रोजगार हमी करही फक्त बिगरनिवासी बिलातच असतो. पण मूळ आकारणी ठरते करयोग्य मूल्यावर, म्हणजे वार्षिक भाड्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करून. आता मोठ्या स्टोअरचं भाडं बऱ्याचदा विक्रीच्या टक्क्यांत ठरतं. ते कागदावर किती धरायचं? इथेच सगळी गोम आहे.

आमच्या पूर्व भागात घरं दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत एक-दोन माग, मागे स्वयंपाक, दारात आई विड्या वळत बसलेली. तिथे कुणी टेप धरला की सगळं दोन मिनिटांत मोजून होतं, लपवणार काय? तळघरातलं गोदाम आणि पार्किंगच्या जागेतले स्टॉल मोजायला मात्र नकाशा हातात घेऊन जावं लागतं. शिवाय कर थकला की शास्ती, म्हणजे दंड, महिना 2 टक्के, विडीवालीलाही तेवढीच. थकबाकीदारांसाठीच्या अभय योजनेत ती माफ होते आणि वेळेवर भरणारा बघत बसतो.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. सोलापूरकरांनी काय घोडं मारलंय? नळाला पाणी तर रोज येतही नाही हो!