पैसे भरले म्हणून ग्रीन तुडवायचं?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. उत्तरेतला कुठला तरी डोंगरातला, देवदारांच्या मधला गोल्फ कोर्स. आपल्याच नाशिकची मंडळी ग्रीनच्या, म्हणजे ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याच्या भोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, मधोमध उभी. एका ताईंच्या पायात टोकदार टाचेचे बूट, पोरगं झेंड्याची काठी उपसून भाल्यासारखं फिरवतंय, दोघं भाऊ हातातल्या क्लबनं, म्हणजे खेळायच्या काठीनं, गवतावर दणके देतायत. आणि कोपऱ्यात, जेमतेम दोन सेकंद, एक वयस्कर माळी गुडघ्यावर बसून टाचेनं पडलेली भोकं बुजवताना दिसतो. खाली कुणीतरी लिहिलंय, 'पब्लिक कोर्स आहे, पैसे भरलेत, टेन्शन काय घ्यायचं!' त्यावर हसरे चेहरे आणि टाळ्या.

पैसे खेळायचे भरले होते, नासधूस करायचे नाही.

ते ग्रीन म्हणजे बागेतली हिरवळ नव्हे. तिथलं गवत साधारण तीन ते पाच मिलिमीटरवर कापलेलं असतं. पान इतकं आखूड की त्याला अन्न तयार करायला जागा फार थोडी उरते, त्यामुळे मुळंही आखूड आणि नाजूक. त्यात जंगलातला कोर्स. वरून झाडांची सावली, खालून त्याच झाडांची मुळं पाणी ओढून घेतात. सकाळचं ऊन उशिरा पोचतं, गवत ओलं राहतं, बुरशी आणि शेवाळ धरतं. डोंगरात थंडीचे महिने गवत वाढायचंच थांबतं, म्हणजे तेव्हा पडलेली जखम तशीच राहते. टोकदार टाच पडली की सगळं वजन बोटाच्या पेराएवढ्या जागेवर येतं आणि मुळं तुटतात. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, होलचा १०८. हळूच घरंगळत येणाऱ्या चेंडूच्या वाटेत असलं एक भोक आलं की मागून येणाऱ्या प्रत्येकाचा फटका वाकडा. हे त्या माळ्याला माहीत आहे, म्हणून तो गुडघ्यावर बसलाय. आणि आपण त्याच्या पाठीमागे रील काढतोय!

असो. जरा शांतपणे लिहितो, कारण खरं सांगायचं तर आपल्याला हे कुणी शिकवलेलंच नाही. नाशकात 'गोल्फ क्लब' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कान्हेरे मैदान. रणजीचे सामने, जॉगिंग ट्रॅक, चांडक सर्कलची गर्दी. नावातलं गोल्फ इंग्रजांबरोबर गेलं, आणि १९०९ साली नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांचं नाव त्या जागेला मिळालं ते योग्यच झालं. पण त्यामुळे बहुतेकांना ग्रीन पहिल्यांदा दिसतं ते थेट सिमल्याकडच्या नालदेहऱ्याला किंवा गुलमर्गला, सुट्टीच्या घाईत, हातात मोबाइल धरून. नालदेहरा सिमल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. देवदारांच्या मधल्या त्या जागेवर लॉर्ड कर्झन इतका खूश झाला की १९०४ साली जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या नावात त्यानं 'नालदेरा' घातलं. आता तिथं भोवती घोडेवाले, पर्यटक, सगळी जत्रा. अशा ठिकाणी खेळाची जागा कुठं संपते आणि फिरायची कुठं सुरू होते, हे नवख्याला कळत नाही हे मान्य. पण विचारता येतं की नाही?

तर जाणार असाल तर आधी फोन करा. ग्रीन फी म्हणजे खेळायचे पैसे किती, कॅडीचे, म्हणजे क्लबांची पिशवी वाहून वाट दाखवणाऱ्याचे, वेगळे का, क्लब भाड्यानं मिळतात का, त्या दिवशी स्पर्धा आहे का, हे चार प्रश्न विचारा. कॉलरचा टी-शर्ट, सपाट तळाचे बूट. नियमानं चौदा क्लब नेता येतात, पण नवख्याला अर्धा सेट पुरतो. लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, सहा आणि आठ नंबरचे आयर्न, जवळच्या फटक्याला पिचिंग वेज, वाळूसाठी सँड वेज आणि ग्रीनवर चेंडू घरंगळवायला पटर. सगळ्यात लांब मारायचा क्लब, ड्रायव्हर, तो गाडीतच ठेवा. जंगलात लांब मारण्यापेक्षा सरळ मारणं महत्त्वाचं. दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ असते, चेंडू सात-आठ टक्के तरी जास्त जातो, म्हणून नेहमीपेक्षा कमी अंतराचा क्लब घ्या, म्हणजे सातऐवजी आठ; नंबर वाढला की अंतर कमी. कॅडी हातात आठ देत असेल तर सातसाठी हट्ट करू नका, त्याचं अर्धं आयुष्य त्या उतारावर गेलंय.

चेंडू झाडीत गेला असं वाटलं की तिथूनच 'प्रोव्हिजनल मारतोय' असं मोठ्यानं सांगून दुसरा, पहिला न सापडल्यास चालणारा, चेंडू मारून ठेवा. शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून पाच नाहीत. मागे चार जण ताटकळत असताना अख्खं कुटुंब झुडपात शिरतं तेव्हा पूर्ण कोर्स तुंबतो. आपसात खेळत असाल तर सोपी वाट आहे. तसा स्थानिक नियम लावलेला असेल आणि प्रोव्हिजनल मारला नसेल तर दोन फटक्यांचा दंड घ्या आणि चेंडू हरवला त्या अंतरावर, फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला दुसरा टाकून पुढे चला. मात्र टाकायचा गुडघ्याच्या उंचीवरून.

सापडला पण झाडामागे अडकलाय? तर फटीतून हिरवं दिसतं म्हणून नेम धरू नका. चार पावलांवरच्या खोडावर आपटलेला चेंडू जोरात परत येतो, तोंडावर. चेंडू मागच्या पायाकडे घ्या, हात पुढे ठेवा, सहा नंबरनं अर्धाच फटका मारून आडवा फेअरवेवर काढा. चेंडूखाली मूळ असेल तर मारूच नका, मनगट जाईल आणि क्लबही. मुळापासून सहसा फुकट सुटका मिळत नाही, पण चेंडू 'अनप्लेएबल', म्हणजे खेळता न येण्याजोगा, घोषित करून एका फटक्याच्या दंडात होलच्या जवळ न जाता दोन क्लबच्या अंतरात टाकता येतो. गळलेली सुयांसारखी पानं, काटक्या, शंकू बाजूला करायला हरकत नाही, फक्त त्या नादात चेंडू हलला तर ग्रीन आणि पहिला फटका मारायची जागा सोडून बाकी सगळीकडे एक फटका दंड. शेजारी साप किंवा मधमाश्यांचं पोळं दिसलं तर मात्र दंड न देता सुरक्षित जागी जाता येतं. नियम करणाऱ्यांनी जीव आधी ठेवलाय.

आणि फांद्या! त्याच व्हिडिओत एक दादा चेंडूसमोरची डहाळी मोडून फेकताना दिसतो. वाढत्या झाडाची फांदी मोडणं, वाकवणं, पायानं दाबून धरणं यातलं काहीही फटका सोपा करायला केलं तर दंड आहे. आणि दंड नसता तरी? देवदाराची फांदी आहे ती! गंगापूर रोडवरचे जुने वड तोडायचे म्हटल्यावर जीव तुटणारी माणसं आपण, हजार मैलांवर गेल्यावर आपलेच हात कसे चालतात?

ग्रीनवर उंचावरून चेंडू पडला की खळगा होतो, त्याला पिचमार्क म्हणतात. तो बुजवायला दुशिंगी पट्टी मिळते, नसेल तर टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, चालते. खळग्याच्या बाहेरच्या कडेला टोचायचं आणि गवत मध्याकडे ढकलायचं. चारी बाजूंनी तेच, मग पटरच्या तळानं हलकं दाबायचं. बरेच लोक टोक खाली घालून माती वर उचकटतात, त्यानं उरलीसुरली मुळंही तुटतात आणि तिथं पिवळा ठिपका पडतो. लगेच नीट बुजवला तर डाग लवकर भरून येतो, सोडला तर आठवडे राहतो. फेअरवेवर उडालेला गवताचा तुकडा उचलून आणा, जागेवर बसवा, पायानं दाबा. आपल्याकडच्या उष्ण भागातल्या कोर्सवर बहुधा हरळी असते, तीच, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो आणि द्राक्षबागेतून खणून काढतो. ती धावते पसरत, म्हणून तिथं तुकडा बसवण्यापेक्षा खड्ड्यात वाळू भरा. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, खालच्या कडेनं शिरा, त्याच वाटेनं बाहेर या, पावलं दाताळ्यानं मोडा.

हो, गोल्फ महाग आहे. हो, कित्येक क्लबांत माजोरडी माणसं असतात आणि नवख्याला पाहून नाक मुरडतात. दोन्ही मान्य. पण म्हणूनच तर सगळ्यांसाठी खुले असलेले कोर्स जपायला हवेत ना! दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा, कुतुब कोर्स आहे, सभासद नसलेला माणूसही पैसे भरून खेळतो. स्कॉटलंडमधला सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे, रविवारी एरवी तिथं खेळ बंद असतो, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात. सहा दिवस खेळणाऱ्याचे, एक दिवस फिरणाऱ्याचा. नाशकातही एखादा नऊ होलचा खुला कोर्स व्हावा असं मला मनापासून वाटतं, झाडं न तोडता, सांडपाणी शुद्ध करून वापरून. पण असे व्हिडिओ पाहिले की वाटतं, आधी त्या माळ्यापुढे उभं राहायची लायकी येऊ दे.

ज्यांनी व्हिडिओ टाकला त्या काकांना ग्रुपवर नाही, खाली भेटून सांगणार आहे. माणूस वाईट नाही. त्यांचा धाकटा दिवाळीनंतर पुन्हा तिकडेच निघालाय म्हणे, म्हणून हे शेवटचं: त्या दिवसांत पहाटे गवतावर दंव गोठतं. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत पावलांचे काळपट ठसे उमटतात. स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना एकेक करून सोडणारा माणूस, 'ऊन येईपर्यंत थांबा' म्हणाला तर वाद घालू नका, चहा घ्या, पटिंगचा सरावसुद्धा करू नका. आणि निघताना कॅडीचे पैसे घासाघीस न करता द्या.