गच्चीवरचे चार दिवस म्हणजे चार महिने नव्हेत

गेल्या महिन्यात इंदूरच्या लोकमान्य नगरात भावाकडे गेले, तेव्हा गच्चीवर कुरडयांच्या शेजारी पालक शेवेची अकरा पारदर्शक पाकिटे उन्हात मांडलेली दिसली. वहिनी घरी शेव करून विकतात, त्यामुळे पाकिटे चुकून वर राहिली असावीत असे वाटले. विचारल्यावर त्यांनी मोबाइलवर आलेला संदेश दाखवला, जो तोवर आमच्या नात्यातल्या तीन गटांवर फिरून झाला होता. त्यात म्हटले होते की, टिकाऊपणाची चाचणी हे मोठ्या कंपन्यांचे थोतांड आणि रसायने वाढवण्याचे निमित्त असून तिचा पदार्थाच्या कृतीशी संबंध नाही, लेबलावर तारीख छापण्यापलीकडे तिचा काही उपयोग नाही. पाकीट चार दिवस कडक उन्हात ठेवावे आणि चव बदलली नाही तर बिनधास्त चार महिन्यांची तारीख छापावी. शेव जितकी कोरडी तितकी ती टिकते. आणि वास येत नाही तोवर कोणताही पदार्थ खाण्याजोगा असतो, कारण आजीच्या काळी तारखा नव्हत्या. सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात मी बारा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करते. हा संदेश वाचताना माझा संयम सुटला, कारण वहिनी लेबलांचा गठ्ठा छापूनही आल्या होत्या.

आधी उन्हाचा हिशेब पाहू. तो ज्या नियमावरून उचललेला दिसतो, तो नियम खोटा नाही, एवढे मान्य करावे लागते. तापमान 10 अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि याच आधारावर प्रयोगशाळेत पदार्थ 35 किंवा 45 अंशांना ठेवून जलद चाचणी घेतली जाते. पण तोच नियम इथे लावून पाहा. दुकानात 25 अंशांना राहणारे पाकीट 45 अंशांत ठेवले तर वेग चौपट होतो, म्हणजे चार दिवसांत फार तर सोळा दिवसांचे कळते. चार दिवसांत चार महिने उरकायचे तर वेग तीसपट हवा, त्यासाठी तापमान अहोरात्र सुमारे 75 अंश हवे, आणि इतक्या उष्णतेत शेवेत जे घडेल ते फडताळातल्या पाकिटात कधी घडणारच नाही. माळव्यातल्या गच्चीवर तर रात्री गारवा येतो. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने नियम ऐकला, गुणाकार मात्र केला नाही, आणि त्याच्या भरवशावर घरगुती उद्योग करणाऱ्या बायका तारखा छापत आहेत.

त्याहून मोठी चूक अशी की, ऊन म्हणजे नुसती उष्णता नव्हे, उजेडही आहे. पालकातले हरितद्रव्य उजेड शोषून तेलाच्या ऑक्सिडेशनला, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन खवट होण्याला, जोर देते, त्यामुळे पारदर्शक पाकिटातली पालक शेव साध्या शेवेपेक्षा लवकर खवट होऊ शकते. वहिनींची पाकिटे तिसऱ्या दिवशीच खवट लागली, आणि त्यांनी तेलवाल्याला दोष देऊन तेल बदलायचे ठरवले होते. उलट इंदूरमध्ये आषाढ-श्रावणात शेव ज्या कारणाने परत येते, ते सादळणे, वैशाखाच्या उन्हात दिसणार तरी कसे?

चाचणीचा कृतीशी संबंध नाही, हे विधान मला सर्वांत जास्त खटकले, कारण चाचणीचा खरा उपयोग तोच आहे. पदार्थ किती दिवसांनी बिघडला याइतकेच, तो कशाने बिघडला हे ती सांगते. आमच्याकडे पालक शेवेचा एकच घाणा दोन प्रकारच्या पाकिटांत भरून ठेवला होता. सहाव्या आठवड्यात पारदर्शक पाकीट फोडताच जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, आणि आतून चंदेरी थर असलेल्या पाकिटातली शेव ताज्या शेवेशेजारी ठेवून चाखली तरी फरक सांगता येईना. कृतीतले तेल, मोहन, मसाला काहीही बदलावे लागले नाही. बदलले ते पाकीट. दोन्ही पाकिटांत शेव सारखीच खवट झाली असती, तर तळणाचे तेल किती वेळा तापवले आणि त्यात लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल किती, हे पाहिले असते, कारण ते ओलेइक या तेलातल्याच दुसऱ्या मेदाम्लापेक्षा सुमारे 10 पट वेगाने ऑक्सिडाइझ होते. शेव मऊ पडली असती, तर पाकिटाचा जोड आणि तळणीची वेळ तपासली असती. चाचणी म्हणजे रसायने वाढवण्याचे निमित्त, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की बिघाडाचे कारण ठाऊक नसणाराच अंदाजाने रसायन ओततो.

"जितकी कोरडी तितकी टिकाऊ" हे ऐकायला पटते, आणि सादळण्यापुरते ते खरेही आहे. परंतु अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे थिओडोर लाबुझा यांनी कोरड्या पदार्थांवर केलेले काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते, आणि त्यातून दिसते की पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचे प्रमाण, म्हणजे पाण्याची क्रियाशीलता, शून्य ते एक या मापावर 0.2 ते 0.3 च्या आसपास असताना स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडेशन सर्वांत मंद असते. त्याखाली गेले की ते पुन्हा वाढते. म्हणून शेव आणखी तांबूस होईस्तोवर तळत राहिले, तर ती कुरकुरीत राहील आणि खवटही लवकर होईल. नेमके कुठे थांबायचे, हे निरनिराळ्या तळणीचे नमुने ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वासाबद्दल फार लिहीत नाही. खवटपणा नाकाला कळतो, पण माव्याच्या पेढ्यात स्टॅफिलोकोकस जिवाणूंनी सोडलेल्या विषाला ना वास असतो ना चव, आणि ते उकळल्यानेही जात नाही. आजीची शेव टिकत असे, कारण ती ताज्या तेलात तळून, पत्र्याच्या बंद डब्यात, अंधारात राही आणि पंधरा दिवसांत संपे. तारीख उलटली की पदार्थ विषारी होतो असे नाही, हेही खरे. मात्र 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार "या तारखेपर्यंत वापरा" ही तारीख छापणे बंधनकारक आहे, आणि तिच्याबद्दल उत्तर द्यायची वेळ आली तर ते वहिनींनाच द्यावे लागेल, संदेश पाठवणाऱ्याला नव्हे.

छापलेली लेबले आम्ही बाजूला काढली. नव्या घाण्याची काही पाकिटे दुकानासारख्या उघड्या फळीवर ठेवली आहेत, काही स्टीलच्या डब्यात, आणि तुलनेसाठी काही फ्रीजमध्ये. दर रविवारी प्रत्येक ठिकाणचे एक पाकीट फोडून घरातली पाच माणसे, कोणते कुठले हे न सांगता, चाखतात आणि वहिनी वहीत नोंद करतात. पावसाळा सरेपर्यंत त्या तीन आठवड्यांपुढची तारीख छापणार नाहीत.