मावशीचा शिरीष मेलेला नाही

घरच्या ग्रुपवरून एक मेसेज मावशीपर्यंत पोचला आणि तिने अंगणातला शिरीष तोडायला माणूससुद्धा ठरवला. मेसेज म्हणतो: मार्चमध्ये ज्यावर एकही पान नाही ते झाड मेलेलं, पावसाआधी तोडा, पानं पाण्याअभावी गळतात, तांबडी पालवी म्हणजे रोग, पाला जाळा, राखेचं उत्तम खत होतं. खाली सही ‘वनतज्ज्ञ’. नाव नाही, गाव नाही.

पहिला मुद्दा म्हणजे कहर आहे. या हिशेबाने फाल्गुनातले पळस, पांगारा, काटेसावर सगळे मेलेलेच, फक्त फुलं तेवढी येतात! शिरीषावर वाळक्या शेंगा खुळखुळत असतात, म्हणून तो जरा जास्तच गेल्यासारखा दिसतो, एवढंच. पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. आधी पानातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद झाड फांद्यांत ओढून घेतं, मग देठाच्या बुडाशी पेशींचा खास थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. मोडून वाळलेल्या फांदीला हे जमत नाही. तिची पानं कितीतरी दिवस तशीच लोंबत राहतात. शंका असेल तर दोन-चार डहाळ्यांची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं की कुऱ्हाड परत पाठवा. आणि नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे वनतज्ज्ञांना ठाऊक नसावं.

पाण्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. ओढ्याकाठचं झाड माळावरच्या झाडापेक्षा उशिरा पान टाकतं. पण मग ऐन उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना पालवी कुठून येते? एलियट, बेकर आणि बोर्शर्ट या संशोधकांनी २००६ साली थायलंड आणि भारतातल्या पानझडी जंगलांबद्दल नेमकं हेच मांडलं: तिथली बहुतेक झाडं पावसाच्या महिना-दोन महिने आधीच पालवतात. खोल मातीतली ओल त्यांना पुरते आणि दिवसाची वाढती लांबी हीच त्यांची पालवायची खूण. म्हणजे त्यांची पालवी पावसाची वाट बघत नाही.

तांबडी पालवी रोग असेल तर आंबा, पिंपळ आणि कुसुम दरवर्षी आजारी पडतात म्हणायचं. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त असतं, बस.

राहिला पाला. जाळला की त्यातलं नत्र धुरात जातं. तोच आळ्यात पसरला तर ओल टिकते आणि पावसाळ्यात कुजून खतही होतं.