पहाटेच्या प्रार्थनेनंतरचं काय?
तुमच्या लेखात म्हटलंय, रोज पहाटे प्रार्थना आणि शास्त्रवाचन केलं की विश्वासात वाढ होतेच. त्या ‘होतेच’वर माझं अडतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून नाही, हे त्यांना कित्येक वर्षांनी उमगलं आणि त्यांनी ते उघड लिहूनही ठेवलं. (आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आज कोणी असं बोललं तर लगेच कुजबुज सुरू होईल!) तोवर शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा सुरूही झाली होती. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला सांभाळल्या. तिथे प्रार्थनेच्या जोडीला शेती, विणकाम, छापखानाही होता. पुढच्या भागात कामाच्या वेळेतल्या विश्वासाबद्दल लिहा की. पाळकसाहेबांच्या उपदेशात तो विषय फारसा येत नाही.