नवोदित समाजकार्यकर्त्यांसाठी लिंगभावाचा हितोपदेश

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी हाती पडली, संस्थेत नेमणूकही झाली, आणि आता लिंगभाव, म्हणजे बाईने कसे वागावे आणि पुरुषाने कसे याच्या समाजाने ठरवलेल्या कल्पना, या प्रकरणाचे नेमके करायचे काय, असा प्रश्न आपल्याला पडला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. प्रथम एवढेच पक्के करून घ्यावे की लिंगभाव फक्त स्त्रियांना असतो. पुरुषाला कर्ज असते, व्यसन असते, बेरोजगारी असते, गावकीचे राजकारण असते. लिंगभाव तेवढा नसतो. हे गृहीतक एकदा अंगवळणी पडले की निम्मे काम आपोआप हलके होते, कारण प्रकल्प-प्रस्तावातल्या लिंगभावाच्या रकान्यात उपस्थित महिलांची संख्या लिहिली की विषय संपतो.

सिद्धान्ताचे वावडे असू नये, मात्र त्याला त्याच्या जागी ठेवावे. स्त्री-अभ्यासक मॅक्सिन मॉलिन्यू यांनी १९८५ मध्ये मांडलेला आणि पुढे विकासाच्या अभ्यासक कॅरोलिन मोझर यांनी नियोजनाच्या चौकटीत आणलेला स्त्रियांच्या व्यावहारिक आणि व्यूहात्मक गरजांचा भेद आपण परीक्षेत नक्कीच लिहिला असेल. वस्तीत नळ आला आणि बाईची खेप वाचली, ही झाली व्यावहारिक गरज. पाणी भरणे हे बाईचेच काम का मानावे, हा झाला व्यूहात्मक प्रश्न. यातला पहिला भाग क्षेत्रात न्यावा आणि दुसरा उत्तरपत्रिकेतच राहू द्यावा. नळाचे उद्घाटन होते, प्रश्नाचे होत नाही. शिवाय वाचलेला वेळ बाईने विश्रांतीत घालवू नये म्हणून तिला लगेच शिवणयंत्राच्या प्रशिक्षणाला बसवावे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. बहुसंख्य पुरुष मुळात भागच घेत नसल्यामुळे त्या सरासरीत धरलेलेही नाहीत. हा आकडा अहवालाच्या प्रस्तावनेत शोभून दिसतो. तो वाचून कोणी बचत गटाच्या बैठकीत पुरुषांनाही बोलवा म्हणाले, तर ते कामात असतात असे सांगावे. गावच्या पारावर बसलेले ते आपल्या कार्यालयातून दिसत असले तरी सांगावे.

कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमातही हेच सूत्र पाळावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आढळले. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि सुरक्षित असते, हे वैद्यकीय ज्ञान आपण आपल्यापाशीच ठेवावे.

आपली खरी कसोटी मात्र समुपदेशन केंद्रात लागते. मार खाऊन आलेली बाई समोर बसली की आधी तिला पाणी द्यावे आणि मग ती काय चुकली असेल याचा शोध सुरू करावा. नवऱ्यालाही बोलावून घ्यावे, कारण दोन्ही बाजू ऐकणे हा आपल्या व्यवसायाचा धर्म आहे, आणि एक बाजू मारणारी व दुसरी मार खाणारी असली तरी खुर्च्या समान उंचीच्या ठेवल्या की तटस्थता साधते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील २००६ च्या नियमांत चौदावा नियम अडचणीचा आहे: प्रतिवादीला, म्हणजे मारणाऱ्याला, आपल्या हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनात करता येणार नाही, आणि ही गोष्ट त्याला कामकाज सुरू होण्याआधीच सांगावी, असे तो म्हणतो. तो नियम पाळला तर ‘जेवण वेळेवर नव्हते’, ‘उलट बोलली’, ‘माहेरच्यांचे ऐकते’ या तिन्ही वाक्यांना बंदी येईल आणि मग बैठकीत बोलायला उरेल काय? म्हणून नियमाची प्रत फाइलमध्ये लावावी आणि संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, हे शास्त्रवचन उच्चारून पुढे जावे. नवऱ्याकडून लेखी हमी घ्यावी, बाईला नांदायला पाठवावे आणि नोंदवहीत ‘यशस्वी समेट’ लिहावे. ती सहा महिन्यांनी परत आली तर नवा क्रमांक द्यावा. त्याने केंद्राची कामगिरी दुप्पट दिसते. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या विशेष कक्षाने हिंसा हा घरातला खासगी मामला नसून गुन्हा आहे, असे मानून काम उभे केले. अशा प्रयोगांना शैक्षणिक भेट जरूर द्यावी. भेटीचा अहवाल लिहावा. केंद्रात परतल्यावर खुर्च्या पुन्हा समान उंचीच्या करून घ्याव्यात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केल्यापासून आपण नोंदणी अर्जावर तिसरी चौकट छापली आहेच. चौकट पुरेशी असते. त्या चौकटीत खूण करणारी व्यक्ती रात्रीच्या निवाऱ्यासाठी खरोखर दारात उभी राहिली, तर महिला निवासात महिला आणि पुरुष निवासात पुरुष भरलेले आहेत, हे सौजन्याने सांगावे.

राहता राहिली आपली स्वतःची संस्था. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रिया असाव्यात, कारण त्या वस्तीत सहज मिसळतात आणि मानधनावर समाधान मानतात; प्रकल्प समन्वयक पुरुष असावा, कारण त्याला रात्री उशिरापर्यंत बैठकांना थांबता येते. त्या कार्यकर्त्या घरी जाऊन स्वयंपाक करतात म्हणून थांबत नाहीत, याला त्यांच्यात नेतृत्वगुणांचा अभाव म्हणावे आणि त्यावर एक कार्यशाळा घ्यावी, शक्यतो रविवारी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. आपली अनुभवी मंडळी इतर कार्यालयांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातच असतात, तेव्हा विषयाची जाण आपल्याकडे आहे, यात शंका नाही. स्वतःच्या समितीवर अध्यक्ष म्हणून वरिष्ठ महिला कर्मचारी नेमावी लागते. ती समन्वयकाच्या हाताखालची असेल तर सोयीचे पडते. वार्षिक अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असे लिहावे, आणि तो अहवाल तपासून सही करण्यासाठी समन्वयकाकडेच पाठवावा.