‘भिशीमंडळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘संगीतप्रेमी’,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा गाळताना पुन्हा आठवली. म्हणजे लागली. ते लपवत नाही.

आधी तुमचं देणं देऊन टाकते. स्त्रियांच्या बार्बरशॉप गाण्यावरच्या (म्हणजे वाद्यांशिवाय, चार आवाजांत गायच्या अमेरिकी गाण्यावरच्या) माझ्या लेखात स्वीट ॲडलाइन्स या बायकांच्या बार्बरशॉप संस्थेच्या स्थापनेचं साल मी १९४६ लिहिलं होतं. ते १९४५ हवं: १३ जुलै १९४५, टल्सा, ओक्लाहोमा. तुम्ही बरोबर, मी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता ‘ताई, जरा अभ्यास वाढवा’ याविषयी. तुमच्या टोपणनावावरून तुम्ही बाई की बुवा ते कळत नाही, पण हे वाक्य बाई लिहीत नाही असा माझा आपला अनुभव. साल चुकलं तर ‘साल चुकलंय’ एवढं पुरतं. त्याला शिकवणीची फोडणी कशाला?

आणि मग तुमचं ते वाक्य: ‘नवऱ्यांच्या पाठोपाठ निघालेलं हे भिशीमंडळ, त्याला इतिहास काय म्हणायचा!’

नवऱ्यांच्या पाठोपाठ, हे खरंच आहे, आणि मी ते लपवलेलं नाही. एडना मे अँडरसन यांनी टल्सात ज्या बायका जमवल्या त्यांचे नवरे पुरुषांच्या बार्बरशॉप संस्थेत गात होते. बायकांना तिथे सभासद होता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं वेगळं काढलं. त्या पहिल्या शाखेचं नाव ॲटोमॅटन: कल्पना अणूएवढी आणि उत्साह टनभर, अशी त्यातली कोटी. (कोटी फार थोर नाही. पण नाव स्वतःचं होतं.) पुरुषांच्या संस्थेने बायकांना सभासदत्व दिलं ते २०१८ साली. ती संस्था १९३८ची. हिशेब तुम्हीच करा, तुमचा अभ्यास वाढलेला आहे.

त्या पुरुषांची सुरुवात कशी झाली तेही ऐका. ११ एप्रिल १९३८ला ओ. सी. कॅश नावाचे करविषयक वकील आणि रूपर्ट हॉल यांच्या बोलावण्यावरून टल्सा क्लबच्या गच्चीवर २६ जण जमले आणि चार आवाजांत जुनी गाणी म्हणाले. बस, एवढंच. गच्चीवर २६ पुरुष गातात ती संस्था, आणि सात वर्षांनी त्याच गावात बायका गातात ती भिशी. वा!

‘नक्कल’ हाही तुमचाच शब्द. नक्कल करता येतच नाही हो यात. टेनर, लीड, बॅरिटोन, बेस ही चार आवाजांची नावं बायकांनी जशीच्या तशी घेतली, पण पुरुषांची स्वररचना तशीच उचलली तर बायकांचा बेस तळाला जाऊन बुडतो. पट्टी वर घ्यावी, तर टेनरवाली किंचाळायला लागते. म्हणजे रचनाच नव्याने बसवावी लागते. शेबॉयगन, विस्कॉन्सिनच्या द कॉर्डेट्स या चौघी १९४६ला याच परंपरेतून पुढे आल्या. १९५४चं ‘मिस्टर सँडमन’ तुम्ही नक्की ऐकलं असणार, फक्त ते ‘भिशी’तून आलं हे तुम्हाला माहीत नसेल.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. अमेरिकेत येऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यांतली एकोणीस मी एका गावच्या स्त्रियांच्या कोरसमध्ये बॅरिटोन गाते. बॅरिटोन म्हणजे उरलेसुरले सूर. लीड चाल गाते, टेनर तिच्या वर तरंगते, बेस पाया धरते आणि मधली जी भोकं राहतात ती आम्ही बुजवतो. घरी एकटीने रियाज केला तर आमचं गाणं गाण्यासारखं लागतच नाही. माझ्या मुलाला वाटायचं, आई काहीतरी हरवलेलं शोधतेय.

आणि त्याआधीचं सांगते. माझं बालपण मिरजेचं, सतारमेकरांच्या गल्लीपासून दोन वळणांवर. शाळेतून येताना कारागिरांना तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना मी तासन् तास पाहिलंय. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी येताच तार उघडते आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार वर येतो. इथल्या तालमीतही मंगळवारी रात्री चाळीसजणी पायऱ्यांवर उभ्या राहून एकच ‘आ’ धरतात. दिग्दर्शिका एकेकीच्या तोंडाशी कान नेते. कुणाचा ‘आ’ थोडा ‘ॲ’कडे झुकला असेल तर तेवढ्यानेही बिघडतं. तो सरळ झाला की डोक्यावर एक जादाचा सूर वाजायला लागतो, जो चाळिसांपैकी कुणीच गात नसतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गाणं थांबवून वर छताकडे बघितलं होतं. चार स्वरांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण ४:५:६:७ असं बसलं की हे होतं. त्यातला ७चा स्वर, म्हणजे आपला कोमल निषाद, पेटीच्या कोमल निषादापेक्षा अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने खाली लावावा लागतो. पेटीवर तो नाहीच. भिशीत हे करतात का? करत असतील तर मला त्या भिशीत घ्या.

राहिला वंशभेदाचा मुद्दा. तो मी ‘एका ओळीत उरकला’ म्हणता. ओळ होती ना? १९५८च्या ठरावाने स्वीट ॲडलाइन्सने सभासदत्व गोऱ्या स्त्रियांपुरतं ठेवलं, ते न पटलेल्या काही शाखा बाहेर पडल्या आणि १९५९ला प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंडमध्ये हार्मनी इन्कॉर्पोरेटेड उभी राहिली. ती अट १९६६ला गेली. मुळात ही गायकी कृष्णवर्णीय चौकड्यांच्या नाक्यावरच्या गाण्यातून आली, हे संशोधक लिन ॲबट यांनी १९९२ला साधार मांडलं आहे, मलाही ते मान्य आहे. लेखाचा विषय तो नव्हता. प्रत्येक लेखात सगळं कसं येणार? आणि अनुभवाचंच विचाराल तर एकोणीस वर्षांत मला कुणी वावगं बोललेलं नाही. पहिली अकरा वर्षं त्या पायऱ्यांवर सावळी मी एकटीच होते, हे खरं. पण तो गावाचा प्रश्न, कोरसचा नाही.

‘लेख गोग्गोड झालाय’ यावर मला काही म्हणायचं नाही. आवड ज्याची त्याची.

पुढचा भाग स्वीडनवर. २०१३ला होनोलुलूत तिथल्या रॉनिंगे शो कोरसने स्वीट ॲडलाइन्सचं अजिंक्यपद नेलं, त्यावर. साल तीनदा तपासलंय, तुम्हीही तपासा. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, ‘भिशी’सकट वर तशीच आहे.