त्या बोटीला मोटर नाही

गेले काही दिवस नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांपासून आमच्या दिवाळ्याच्या कोळीवाड्यापर्यंत एक व्हिडिओ फिरतोय. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून जोडाव्यात तशी एक बोट (हिला कॅटामरान म्हणतात), तिच्यावर शिडाच्या जागी इमारतीएवढा उंच उभा पंख, आणि अख्खी बोट पाण्याच्या वर, हवेत. खाली मजकूर असा: ‘सेलजीपी हा सगळा बनाव आहे. वारा ताशी ३० किलोमीटर आणि बोट पळते ९०-१००ने? शिडाची बोट वाऱ्यापेक्षा जोरात पळूच शकत नाही, हे आठवीतलं पोरही सांगेल. आत इलेक्ट्रिक मोटर आहे. बोट चालवतो संगणक, माणसं हेल्मेट घालून नुसती बसलेली असतात. ज्याचा पैसा जास्त त्याचा देश जिंकतो. कॅटामरान ही गोऱ्यांची, आपला या खेळाशी काडीचा संबंध नाही. पुढे पाठवा.’

आमच्या घरात हा मजकूर चार जणांना चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. माझे आजोबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, आणि मी क्लासमध्ये विज्ञान शिकवते. दोन्ही बाजूंनी हे मला झोंबलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी ही स्पर्धा काय आहे ते सांगते. सेलजीपी ही शिडाच्या बोटींच्या शर्यतींची मालिका. ती ओरॅकल कंपनीचे लॅरी एलिसन आणि नौकानयनपटू रसेल कूट्स यांनी उभी केली आणि पहिला मोसम २०१९ मध्ये सिडनीत सुरू झाला. देशांचे संघ असतात, बोट एकाच नमुन्याची असते, तिला एफ-५० म्हणतात. लांबी १५ मीटर, म्हणजे आपल्या एनएमएमटीच्या बसपेक्षा जास्त. रुंदी पावणेनऊ मीटरच्या आसपास, वजन सुमारे २,४०० किलो. पाचवा मोसम नोव्हेंबर २०२४ मध्ये दुबईत सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अबू धाबीत संपला, त्यात १२ संघ होते.

आता तो मुख्य आरोप: वाऱ्यापेक्षा जोरात पळणं अशक्य.

वारा पाठीवर घेऊन सरळ त्याच्याच दिशेनं जाणाऱ्या साध्या होडीपुरतं हे खरं आहे. होडीचा वेग वाऱ्याएवढा झाला की शिडाला वारा लागतच नाही, शीड लोंबायला लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेच चित्र असणार. पण वारा आडवा घेतला की हिशेब बदलतो. आजोबा म्हणायचे, पाठीमागून वारा आला की मचवा झोपतो, कुशीत आला की धावतो. ते शाळेत चौथीपर्यंत गेले होते, पण हे त्यांना हाताला कळलेलं होतं.

ज्यांना स्वतः अनुभवून पाहायचंय त्यांनी संध्याकाळी पाम बीच रोडवर स्कूटर काढावी. बेलापूरहून वाशीकडे निघालात की खाडी डाव्या हाताला. सिग्नलला उभ्या असाल तेव्हा पश्चिमेचा वारा डाव्या गालावर लागतो. सिग्नल सुटला, ४०-५०चा वेग घेतला, की तोच वारा आता समोरून, कपाळाच्या डाव्या कडेला लागतो आणि कितीतरी जोरात लागतो. वारा वाढलेला नाही. त्याच्यात तुमचा वेग मिसळलाय. बोटीच्या पंखाला लागतो तो हा मिसळलेला वारा. बोट जितकी जोरात, तितका तो जोराचा, आणि तितकाच पंखाला अधिक ओढ देणारा.

यावर क्लासमध्ये एका मुलानं बरोबर प्रश्न विचारला होता: मॅडम, स्कूटरला पेट्रोल लागतं, मग बोटीला हा वाढीव वेग फुकट कसा? त्याला मी ओला चिंचोका दिला. अंगठा आणि बोटामध्ये धर आणि दाब म्हटलं. चिंचोका सटकला आणि थेट फळ्यावर आदळला. बोटं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलली होती, चिंचोका त्यांच्या कितीतरी पट वेगानं सुटला, तोही दाबाच्या दिशेनं नाही तर आडवा. बोटीचं तसंच आहे. एका बाजूनं हवा पंखावर दाबते, दुसऱ्या बाजूनं पाण्यातलं पातं बोटीला बाजूला सरकू देत नाही. या चिमटीतून बोट पुढे सटकते. ऊर्जा कुठून आली? हवा वाहतेय आणि तिच्या मानानं पाणी स्थिर आहे, या फरकातून. वारा पडला की हा फरक संपतो आणि बोटही थांबते.

मग प्रत्येक होडी वाऱ्याला मागे का टाकत नाही? कारण पाणी अडवतं. ते हवेपेक्षा ८०० पटींहून अधिक दाट आहे. आजोबांचा मचवा पोटापर्यंत पाण्यात, त्यात वाळू नाहीतर मीठ भरलेलं, तो किती पळणार? एफ-५०च्या खाली मात्र विमानाच्या पंखासारखी पाती आहेत, त्यांना फॉइल म्हणतात. वेग आला की हे पाण्यातले पंख अख्ख्या बोटीला वर उचलतात. पाण्यात उरतात ती फक्त पाती आणि सुकाणू. अडथळा एकदम घटतो, आणि वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेग हातात येतो.

हे एकट्या सेलजीपीचं कर्तब नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांनी ‘सेलरॉकेट २’ ही शिडाची बोट ५०० मीटर अंतरावर सरासरी ६५.४५ नॉटनं, म्हणजे ताशी १२१ किलोमीटरनं नेली. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनरच्या कोरड्या मिठागरावर ग्लेन ॲशबी यांनी चाकांवरची शिडगाडी ताशी २२२.४ किलोमीटरनं पळवली. तेव्हा वारा चाळीसच्या आसपास होता. चाकं आली, पाण्याचा अडथळा गेला, वेग पाचपट.

आता मोटर. इथे मला एक गोष्ट मान्य करायची आहे, कारण अर्धं सत्य मला लपवायचं नाही. एफ-५०वर बॅटरी आहे. फॉइल वर-खाली घ्यायचे, त्यांचा कोन बदलायचा, तर त्यासाठी लागणारा हायड्रॉलिक दाब बॅटरीवर तयार होतो. बहुधा कुणीतरी हे वाचलं आणि त्याची ‘मोटर’ करून टाकली. पण ही बॅटरी बोटीला पुढे ढकलत नाही. ढकलायला पाण्यात पंखा लागतो, आणि तो नाही. शर्यतीच्या प्रत्येक दिवशी या बोटी क्रेननं उचलून पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर काढतात. पोट, फॉइल, सुकाणू, सगळं हजारो लोकांसमोर हवेत लटकलेलं असतं.

शिवाय वारा पडला की काय होतं ते पाहा. बोटीचं पोट पाण्यात बसतं आणि ती रांगते. वजन कमी करायला सहापैकी दोन जणांना उतरवतात, उंच पंख चढवतात. पंख काही एकाच मापाचा नसतो, जोराच्या वाऱ्याला १८ मीटरचा, मध्यम वाऱ्याला २४ मीटरचा आणि मंद वाऱ्याला त्याहून उंच. मोटर असती तर ही यातायात कुणी कशाला केली असती? आणि शर्यत नसताना या बोटींना साध्या इंजिनाच्या बोटी दोरानं ओढून नेतात, हेही त्याच व्हिडिओंत दिसतं.

वेगाच्या आकड्यांतही उत्तर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सां त्रोपेला फ्रान्सच्या संघानं ताशी ९९.९४ किलोमीटर गाठले. शंभराला फक्त सहा शतांश कमी. तो उंबरठा ओलांडायला तीन वर्षं लागली: ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतल्या झासनिट्झला डेन्मार्कनं १०३.९३ची नोंद केली. अडवत काय होतं? पाणी. एवढ्या वेगात फॉइलच्या वरच्या बाजूचा दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फॉइलची पकड सुटते. त्यासाठी टायटॅनियमचे नव्या आकाराचे फॉइल आणावे लागले. लपवलेली मोटर असती तर तीन वर्षांत चार किलोमीटरसाठी हा खटाटोप झाला नसता.

‘माणसं नुसती बसलेली’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बोटीवर सहा जण असतात आणि एकालाही श्वास घ्यायला सवड नसते. सुकाणूवर ड्रायव्हर. पंखाचा बाक आणि पीळ सांभाळणारा एक. दोघं हातांनी चरक फिरवत असतात, आणि पंख आत-बाहेर ओढायची ताकद त्यांच्या दंडातून येते. एक जण फक्त ‘उड्डाण’ सांभाळतो: फॉइलचा कोन हातानं, क्षणाक्षणाला बदलत राहायचा. थोडा जास्त झाला की फॉइल पाण्याबाहेर येतो आणि बोट दाणकन आदळते, थोडा कमी पडला की नाक पाण्यात घुसतं. सहावा, किंवा सहावी, डोकं वर ठेवून वारा वाचते, बाकीच्या बोटी कुठे आहेत ते सांगते. ब्रिटनच्या संघात हे काम ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेल्या हॅना मिल्स करत होत्या. ब्राझीलच्या सुकाणूवर मार्तिने ग्राएल. त्यांचीही दोन ऑलिम्पिक सुवर्णं, आणि या लीगमधल्या त्या पहिल्या महिला ड्रायव्हर. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी एक शर्यत जिंकली. संगणक आहे, पण तो मोजमाप करतो आणि दाखवतो. कोन बदलतो तो माणसाचा हात.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. हा खेळ श्रीमंतांचा आहे, याबद्दल मी वाद घालणार नाही. संघ चालवायला अफाट खर्च येतो, मोठमोठे नट आणि खेळाडू आता संघांत पैसे घालतायत. पण ‘ज्याचा पैसा जास्त तो जिंकतो’ हे चूक आहे, कारण पैशानं जास्त वेगवान बोट विकतच घेता येत नाही. बोटी एकसारख्या. प्रत्येक बोटीची सगळी मापं, वेग, कोन, बाकीच्या सगळ्या संघांना खुली असतात, जिंकलेल्यानं काय केलं ते हरलेला संध्याकाळी बसून पाहू शकतो. पहिले तिन्ही मोसम टॉम स्लिंग्सबींच्या ऑस्ट्रेलियानं जिंकले, हे खरं. पण चौथा, जुलै २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, दिएगो बोतिन यांच्या स्पेननं नेला, जो संघ आदल्या मोसमात खालच्या अर्ध्यात होता. पुढच्याच महिन्यात बोतिन यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जोडीदार फ्लोरियान त्रिट्टेल यांच्यासह सुवर्णपदक मिळवलं. पाचवा मोसम डिलन फ्लेचर यांच्या ब्रिटनकडे गेला. आणि सगळं ‘ठरवून’ चालत असतं, तर पंखाच्या बांधणीत दोष सापडला म्हणून २०२५ ची रिओची फेरी रद्द झाली नसती, तीही ब्राझीलचा पहिलाच मोसम असताना.

उरला आपला आणि त्यांचा संबंध. कॅटामरान हा शब्दच तमिळ ‘कट्टुमरम’वरून गेलाय: कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. तिकडचं ते मूळ वाहन म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफा, आजच्या जोडबोटीसारखं दिसत नव्हतं. शब्द युरोपीय लोकांनी उचलला आणि दुसऱ्याच बोटीला लावला. तरी ‘गोऱ्यांची’ म्हणायला जागा राहत नाही. होडी उलटू नये म्हणून बाजूला दुसरं लाकूड बांधायची युक्ती आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीतही आहे.

सेलजीपीत भारताचा संघ नाही, हे खरं आणि ते मला सलतं. पण म्हणून शीड आपल्या हाताला परकं नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत नौकानयनात आपल्याला तीन पदकं मिळाली: नेहा ठाकूरला रौप्य, इबाद अली आणि विष्णू सरवणन यांना कांस्य. नेहा मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावावर. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरा घालून २९ मे २०२५ रोजी परत आल्या. दोघीच, आठ महिने. समुद्र न पाहिलेल्या गावातली पोर तलावावर शिकून आशियात दुसरी येते, आणि खाडीला लागून राहणारे आम्ही ‘आपला संबंध नाही’ म्हणून व्हिडिओ पुढे पाठवतो, याचं मला वाईट वाटतं.

फॉरवर्डखाली एकानं विचारलं होतं, मग ठाणे खाडीत घ्या की शर्यत. नको. ओहोटीला इथे मैलभर चिखल उघडा पडतो, खोल जाणारे फॉइल पहिल्याच वळणावर रुततील. आणि खाडी रोहित पक्ष्यांची आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या लिटल्टनला शर्यतीच्या पाण्यात एक डॉल्फिन दिसला म्हणून पहिल्या दिवसाच्या सगळ्या शर्यती रद्द केल्या होत्या. इथे तर हजारो पक्षी उतरतात.

पण शिकायला एवढ्या मोठ्या बोटी लागत नाहीत. लहान मुलांची शिडाची होडी दोन-अडीच मीटरची असते. आमच्या अंगणात आजोबांच्या मचव्याची परबाण, म्हणजे शीड बांधायची लांब काठी, अजून पडून आहे, वाळत घातलेल्या जाळ्यांखाली. परवा तो चिंचोकेवाला मुलगा घरी आला होता, तिच्यावर हात फिरवून त्यानं विचारलं, हिला शीड कुठल्या बाजूनं बांधायचं? माझ्या वडिलांनी त्याला दाखवलं.